बोर्ड गेलाय, असे म्हणण्याआधी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी भिजत दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, “सर, कॉम्प्युटर चालूच होत नाही. तीन दिवस झाले. अब्बू माझ्याशी बोलत नाहीयेत.”

मुलगा बोईसरचा. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. तारापूर एमआयडीसीत कुठे ड्रॉइंगचे काम मिळेल या आशेने घरी ऑटोकॅडचा सराव करतो. वडील त्याच एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बारा तासांच्या पाळीत राबतात. घरात एक जुना, सेकंडहँड डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा आय३-२१०० हा प्रोसेसर होता. मोठे ड्रॉइंग उघडले की यंत्र दमून जायचे. मुलाने मोहल्ल्यातल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवले, विरारला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरला आणि लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेला आय५-३४७० घेऊन आला. दुकानदाराने “सॉकेट एकच आहे, बिनधास्त लाव” असे सांगितले आणि जुना प्रोसेसर ठेवून घेत चारशे रुपये कमी केले.

घरी येऊन त्याने नवा प्रोसेसर बसवला. बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाच. काही सेकंदांनी यंत्र आपोआप बंद झाले, पुन्हा चालू झाले, पुन्हा बंद. असे सारखे.

पुढच्या तीन दिवसांत त्याला बरेच निकाल मिळाले. जवळच्या रिपेअरवाल्याने झाकणही न उघडता सांगितले, “बोर्ड गेलाय, अडीच हजार लागतील.” एका मित्राचे मत पडले, प्रोसेसर डुप्लिकेट आहे. मामाच्या मते पॉवर सप्लाय कमी पडत होता. आणि वडिलांचा निकाल सर्वांत कडक होता, “चालता कॉम्प्युटर खराब कर दिया.”

मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करता करता आणि लॅबची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे जे काही कळले तेवढेच. पण त्या संध्याकाळी मला बी.एड.चे दिवस आठवले. तिथे आम्हाला ‘निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन’ शिकवले होते. मूल चुकले की आधी ते नेमके कुठे चुकते हे शोधा, मग उपाय करा. आम्ही त्याच्या सुंदर फायली केल्या, मार्क मिळवले आणि वर्गात गेल्यावर बहुतेकांनी त्या कपाटात ठेवून दिल्या. उर्दू माध्यमातले मूल ‘बाळ’ऐवजी ‘बाल’ आणि ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिते, तेव्हा त्याचे मराठी कच्चे आहे असा शेरा आपण मारून मोकळे होतो. उर्दूत ‘ळ’ आणि ‘ण’ हे आवाजच नाहीत, त्यामुळे मुलाचा कान त्यांना वेगळे ऐकत नाही, हे निदान झाले तर आठ दिवसांच्या सरावाने फरक पडतो. शेरा मारायला एक मिनिट लागतो, निदान करायला आठवडा. म्हणून शेरा सोपा वाटतो.

“बोर्ड गेलाय” हा असाच एक शेरा आहे.

मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे की बंद पडलेल्या यंत्रापुढे आपण आरोपी शोधायला बसतो आणि कारण शोधायचे राहून जाते. त्यात गरिबाचे पैसे जातात आणि शिकणाऱ्याची हिंमत जाते. पैसे परत मिळवता येतात, पण एकदा “तू बिघडवलंस” ऐकलेला मुलगा पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात घेताना दहा वेळा विचार करतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रोसेसर बदलल्यावर कॉम्प्युटर उठत का नाही?

बटण दाबल्यावर प्रोसेसर सर्वांत आधी मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला मजकूर वाचू लागतो. त्या मजकुराला आपण बायोस म्हणतो. विंडोज फार नंतर येते. बायोस आधी प्रोसेसर ओळखतो, मग रॅम तयार करतो, मग पडद्याला हाक मारतो. कोणत्या प्रोसेसरशी कसे वागायचे याची माहिती त्या मजकुरातच लिहिलेली असते. बोर्ड २०११ मध्ये तयार झाला असेल आणि प्रोसेसर २०१२ चा असेल, तर जुन्या मजकुरात नव्याचे नाव नसणार. मग रॅम तयार होत नाही आणि पडदाही उजळत नाही. पंखा फिरतो, कारण पंख्याला वीज पुरते, ओळखीची गरज नसते.

या मुलाच्या बोर्डवर एच६१ हा चिपसेट होता. आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात एच६१ आजही भरपूर दिसतो. तो २०११ मध्ये, इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी आला. आय३-२१०० त्याच पिढीचा. आय५-३४७० मात्र २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीचा. दोघांचे सॉकेट एकच, एलजीए ११५५. दुकानदार खोटे बोलला नव्हता. पण सॉकेटमध्ये बसणे आणि बोर्डाने ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने सांगितले नाही. कदाचित त्यालाही कोणी सांगितले नसेल.

पण मी लगेच “बायोस जुना आहे” असे म्हणालो असतो तर तोही शेराच झाला असता. म्हणून आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो आणि क्रमाने तपासत गेलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते वहीत लिहायचे, एवढा एक नियम ठरवला.

आधी प्लग काढला आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीजही उतरवली. मग प्रोसेसरजवळची चार पिनांची बारा व्होल्टची वायर पाहिली. पंखा काढता-बसवताना ही वायर निघते आणि परत लावायची राहते. ती नसली तरी पंखे फिरतात, म्हणून माणूस फसतो. आमची वायर जागेवर होती. मग पंख्याचे चारही खिळे नीट खाली बसले आहेत का आणि त्याची वायर बोर्डवरच्या बरोबर जागी आहे का ते पाहिले. मग रॅमची एकच पट्टी ठेवली. तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसले. आपल्या किनारपट्टीच्या खारट, दमट हवेत हे दात लवकर मळतात, त्यामुळे पालघर-डहाणू पट्ट्यात हा खोडरबर निम्मा डॉक्टर आहे. मग बोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, पाच मिनिटे काढून परत लावला, म्हणजे जुन्या सेटिंग पुसल्या जातात.

मॉनिटरची वायर कुठे लावली आहे तेही पाहिले. आय५-३४७० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स आहे, त्यामुळे बोर्डवरच्या पोर्टला लावून चालते. पण हे सगळ्या प्रोसेसरांना लागू नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे, त्यात ग्राफिक्स नसते. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या रायझनमध्येही बहुधा ‘जी’ नाव असलेल्यांतच ते असते. असा प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाशिवाय लावला तर यंत्र चालू होऊनही पडदा काळाच राहतो, आणि लोक बोर्ड बदलून मोकळे होतात.

शेवटी प्रोसेसर काढून सॉकेटमध्ये मोबाइलची टॉर्च मारली. एलजीए सॉकेटमध्ये केसाएवढ्या बारीक पिना बोर्डवर असतात. एक जरी वाकली तरी खेळ संपू शकतो. सगळ्या एका रांगेत चमकत होत्या. (एएम४ मध्ये उलटे असते, पिना प्रोसेसरला असतात. तिथे पंखा सरळ ओढला तर चिकटलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही उपटून येतो. हलके फिरवून सोडवावा लागतो.)

एवढे करूनही पडदा काळाच. आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा उरली होती, जुना प्रोसेसर परत लावून पाहणे. तो लावल्यावर यंत्र उठले, तर बोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय सगळे एका फटक्यात निर्दोष ठरतात आणि संशय नव्या प्रोसेसरवर आणि बायोसवर येतो. उठले नाही, तर बसवताना काहीतरी बिघडले आहे. आणि नेमका तो जुना प्रोसेसर लॅमिंग्टन रोडच्या दुकानात चारशे रुपयांत गेलेला होता.

त्यातही गंमत अशी की नव्याची ओळख बोर्डाला करून द्यायची, म्हणजे बायोस नवा करायचा, तर बोर्ड आधी उठायला हवा. आणि बोर्ड उठायला जुनाच प्रोसेसर हवा. ही अडचण एकट्या आमची नव्हती. रायझनची नवी पिढी आली तेव्हा जगभर अनेकांचे नवे कोरे कॉम्प्युटर याच कारणाने उठले नाहीत. तेव्हा एएमडी कंपनीने ग्राहकांना बायोस नवा करण्यापुरता एक साधा प्रोसेसर उसना द्यायची सोय केली होती. तिला ‘बूट किट’ म्हणत. काही नव्या बोर्डांवर आता ‘बायोस फ्लॅशबॅक’चे बटण असते. त्यामुळे प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस नवा करता येतो. एच६१ च्या स्वस्त बोर्डांवर ती चैन नसते.

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये आय३-२१०० चे एक यंत्र दोन वर्षे बंद पडून होते. एसएमपीएस जळालेला. मी मुख्याध्यापिका मॅडमना विचारले, त्यातला प्रोसेसर एक दिवस नेऊ का? त्या म्हणाल्या, “डेडस्टॉक रजिस्टरला आहे सर, गेटबाहेर काही जाणार नाही. मुलालाच त्याचं यंत्र घेऊन इकडे बोलवा.” मला हा मार्ग सुचला नव्हता.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तो रिक्षातून कॅबिनेट घेऊन आला, ताडपत्रीत गुंडाळून. लॅबमधल्या यंत्राचा प्रोसेसर काढून त्याच्या बोर्डात लावला. बटण दाबले. एक बीप आली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. मुलाच्या तोंडून पहिले वाक्य निघाले, “म्हणजे बोर्ड गेला नव्हता!”

नव्हताच. बायोसची तारीख २०११ ची होती. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आय५-३४७० समोर स्पष्ट लिहिले होते की तो २०१२ च्या एका विशिष्ट आवृत्तीपासून पुढे चालेल. ही यादी मोबाइलवर फुकट पाहता येते. लॅमिंग्टन रोडला निघण्याआधी दहा मिनिटे ती पाहिली असती तर तीन दिवसांचा अबोला टळला असता. त्याची चूक होती ती एवढीच.

बायोस नवा करताना मात्र घाई करू नये. बोर्डचे नाव बोर्डवरच छापलेले असते, शेजारी ‘रिव्हिजन’चा आकडा असतो. फाइल त्याच नावाची आणि त्याच रिव्हिजनची हवी, दुसरी घातली तर चांगला बोर्ड खरोखरच जातो. काही बोर्डांवर बायोससोबत ‘मॅनेजमेंट इंजिन’ नावाचा भागही नवा करावा लागतो, ते कंपनीच्या सूचनेत वाचावे. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करावा. आणि लाइटची सोय आधी पाहावी. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि मजकूर अर्धा लिहून लाइट गेली तर चिपमधला मजकूर अर्धवट राहतो. घरातल्या पंखा-दिव्यांच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नये, तो चालू व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो. लॅबमध्ये यूपीएस होता. काही मिनिटे आम्ही दोघांनी कशालाही हात लावला नाही. मग जुना प्रोसेसर काढला, नवी पेस्ट लावून आय५ बसवला. यंत्र एकदा बंद होऊन चालू झाले, माझा जीव वर-खाली झाला, आणि मग पडद्यावर प्रोसेसरचे नाव दिसले.

प्रत्येक गोष्टीचा शेवट असा गोड होत नाही, हेही सांगायला हवे. इंटेलचे सॉकेट एलजीए ११५१ घ्या. २०१५ च्या सहाव्या पिढीचा आणि २०१७ च्या आठव्या पिढीचा प्रोसेसर दिसायला सारखेच बसतात, पण आठवी पिढी जुन्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर चालत नाही. कंपनीने तिच्यासाठी ३०० मालिकेचा बोर्ड सक्तीचा केला. आपल्या एलजीए ११५५ मध्येही क्यू६५, क्यू६७, बी६५ या ऑफिसच्या यंत्रांतल्या चिपसेटना इंटेलने तिसऱ्या पिढीसाठी अधिकृत पाठिंबा दिला नाही. कंपन्या-बँकांतून निघालेले सेकंडहँड कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि २०२० मध्ये एएमडीने आधी जाहीर केले की बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर नवे रायझन चालणार नाहीत, कारण अनेक बोर्डांवरच्या १६ मेगाबाइटच्या बायोस चिपमध्ये सगळ्या पिढ्यांची माहिती मावत नाही. ग्राहकांनी ओरड केली तेव्हा कंपनीने काही दिवसांतच निर्णय बदलला. म्हणजे ‘चालणार नाही’ हे नेहमीच विज्ञानाचे वाक्य असते असे नाही, कधी ते व्यवहाराचेही असते.

कोणी म्हणेल, इतक्या जुन्या यंत्रासाठी एवढा खटाटोप कशाला? विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही. मुद्दा खरा आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने नवे घ्यावे. पण ज्या घरात कॉम्प्युटर ही एकदाच होणारी खरेदी आहे, तिथे जुने यंत्र आणखी तीन वर्षे शिकण्याच्या कामी येणे याचा अर्थ नोकरीच्या मुलाखतीला तयार होऊन जाणे असा असतो. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हवे तर लिनक्स टाकावे, हे मी त्यालाही सांगितले. ड्रॉइंगचा हात बसायला ते पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट मनात आहे. आपल्या मुलांना गॅरेज आणि पंक्चरच्या दुकानावरून टोमणे मारले जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपणही घरात काय करतो? हाताने काम करणाऱ्या मुलाची ओळख करून देताना आवाज खाली जातो. त्या शनिवारी या मुलाने जे केले, म्हणजे एकेक शक्यता वेगळी काढणे, लिहून ठेवणे, पुराव्याशिवाय निकाल न देणे, ते विज्ञानाच्या प्रयोगवहीत शिकवायचे असते. आम्ही वहीत ते उतरवून घेतो. तो ते करत होता. मेकॅनिकचे काम कमी प्रतीचे असेल तर ते फक्त तेव्हा, जेव्हा तो झाकण न उघडता अडीच हजार सांगतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली दुकानदारांना. प्रोसेसर विकण्याआधी बोर्डचे नाव आणि बायोसची आवृत्ती विचारा, बिलावर लिहा, आणि नवा चालू होईपर्यंत जुना ग्राहकाकडेच राहू द्या. चारशे रुपयांची अदलाबदल आठ दिवसांनीही करता येते. दुसरी सरकारला आणि कंपन्यांना. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, ते चांगलेच झाले. पण दुरुस्तीची माहिती मराठी आणि उर्दूत नसेल तर बोईसरच्या मुलाला तो हक्क वापरायचा कसा? तिसरी आम्हा शिक्षकांना. प्रत्येक शाळेच्या लॅबमध्ये दोन-चार बंद यंत्रे धूळ खात असतात. ती निर्लेखित करण्याआधी, रीतसर परवानगीने, मुलांना उघडू द्या. चालू कॉम्प्युटरवर मुले टायपिंग शिकतील. बंद कॉम्प्युटरवर ती विचार करायला शिकतील.

आमच्या लॅबमधला तो आय३-२१०० त्याच संध्याकाळी परत त्याच्या यंत्रात बसवला आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. पुढच्या दोन शनिवारी तो मुलगा स्वतःहून आला. बंद पडलेल्या पाचपैकी दोन यंत्रे खोडरबर आणि नव्या सेलवर उठली. आठवीची चार मुले शेजारी उभी राहून पाहत होती. त्यांतल्या एकाने विचारले, “भाईजान, पहिल्यांदा काय बघायचं?” तो म्हणाला, “आधी प्लग काढ.”

वडील आता बोलतात. त्यांनी मला फोन केला तेव्हा मी एवढेच सांगितले, पुढच्या वेळी काही बंद पडले तर “काय बिघडवलंस” असे विचारू नका, “काय सापडलं” असे विचारा.